पैशाचं बाहेर बोला

मुतखडा हा आमच्या शिरूर तालुक्यात आजारात धरत नाहीत. सातबारा, बोअर आणि मुतखडा यांपैकी एकही ज्याच्याकडे नाही, तो माणूस रांजणगावच्या एमआयडीसीत बदलीवर आलेला आहे असं खुशाल समजावं. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात पहाटे तीन वाजता माझ्या डाव्या कुशीत कुणीतरी ऊसतोडीचा कोयता फिरवला, तेव्हा घरातलं कुणी घाबरलं नाही. बायको कूस बदलत म्हणाली, "आला वाटतं." जसा काही माझा चुलतभाऊच मुक्कामाला आलाय.

सकाळी आठपर्यंत बातमी आळीत पोचली आणि नऊपर्यंत उपचार आले. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणली. समोरच्या अण्णांनी कुळथाचं कढण सांगितलं. कोपऱ्यावरच्या तिघांनी एकमेकांना न विचारता बिअर सुचवली. मी विव्हळत होतो तरी एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येकाला आपापल्या औषधाची किंमत ठाऊक होती. पानफुटी फुकट, कुळीथ सुट्टा घेतला तर किती आणि पोतं घेतलं तर किती, बिअर दुकानात किती आणि ढाब्यावर किती. "आणि गार पाहिजे असेल तर दहा रुपये जास्त," एवढा बारकावासुद्धा सांगून झाला. मग मी दवाखान्यात गेलो आणि भाव सांगणारी माणसं एकदम संपली.

दवाखाना माझ्या वर्गमित्राचाच. घोडनदीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. (गावाचं नाव कागदावर शिरूर; जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, आणि दुखायला लागलं की मीही.) शाळेत असताना या गृहस्थाचा हिशेब इतका पक्का की बर्फाच्या गोळ्याचे माझ्याकडे राहिलेले चार आणे त्यानं दहावीच्या निकालाच्या दिवशी वसूल केले. पेढा दिला, पण अर्धा. आता तो डॉक्टर आहे. गाव त्याला डॉक्टर म्हणतं, त्याची बायकोही डॉक्टरच म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

त्यानं सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला. "नऊ मिलिमीटर. नळीत अडकलाय, पाणी पिऊन पडायचा नाही. मंगळवारी पुण्याहून युरोसर्जन येतात. दुर्बिणीतून काढून टाकू, मग डीजे टाकू. तीन आठवड्यांनी डीजे काढला की मोकळा."

"तीन आठवडे डीजे?" मी कळवळत म्हणालो. "आपल्याकडे गणपतीतसुद्धा रात्री दहाला बंद करायला लावतात रे."

तो हसला नाही. डीजे म्हणजे दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत ठेवतात, सूज उतरेपर्यंत रस्ता मोकळा राहतो, असं त्यानं पॅडवर चित्र काढून समजावलं. चित्र सुरेख होतं. मूत्रपिंड काढलं, नळी काढली, खडा काढून त्याला बाण दाखवला. ऑपरेशनला किती वेळ लागेल ते सांगितलं, भूल कुठली देणार ते सांगितलं, आठवडाभर लघवी लालसर येईल हेही सांगितलं. शरीराच्या आतलं सगळं सांगून झाल्यावर मी शरीराबाहेरचा एकच प्रश्न विचारला.

"खर्च किती येईल?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी त्यांच्या आईचं वय विचारलंय. पेनाचं टोपण लागलं. नजर माझ्या खांद्यावरून भिंतीवरच्या महागणपतीच्या कॅलेंडरवर गेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला अहो-जाहो केलं.

"पैशाचं बाहेर बोला."

बाहेर काउंटरवर एक मुलगी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली होती.

"मुतखड्याचं किती येईल?"

"काय काय करायचंय?"

"दुर्बीण. आणि डीजे."

"ते सरांना विचारा."

"सरांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय."

"सर पैशाचं बघत नाहीत," ती म्हणाली. आमचे सर देवाचं बघतात, पैशाचं नाही, असा काहीसा सूर. मग जरा दया येऊन तिनं विचारलं, "मेडिक्लेम आहे का?"

"आहे म्हटलं तर किती, आणि नाही म्हटलं तर किती?"

तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

दुसरा डीजे, म्हणजे मिरवणुकीतला, असा नसतो हो. त्याच्या मालकाला फोन लावा; गाडी कुठली, किती टॉप, किती बेस, किती तास, जनरेटर तुमचा का आमचा, एवढं विचारून तो एका दमात आकडा सांगतो. एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या दारावर कुठल्या कामाला किती पैसे आणि कुठलं काम मोफत हे रंगवून लिहिलेलं असतं. देवाचा व्यवहार तर सगळ्यात स्वच्छ. आमच्या एका हाताला रांजणगावचा महागणपती आणि दुसऱ्या हाताला, दौंडवरून गेलं की, सिद्धटेकचा सिद्धिविनायक. दोन्हीकडे नवस बोलताना दर आधी ठरतो. पाच किलो पेढे म्हणजे पाच किलो पेढे. काम झालं तर द्यायचे, नाही झालं तर बाप्पा नोटीस पाठवत नाही. दवाखान्यात आकडा शेवटी आणि पैसे आधी, ही रीत कुणी पाडली कोण जाणे.

आता या माझ्या मित्राला आकड्यांचं वावडं आहे असं म्हणावं, तर तसंही नाही. न्हावऱ्याच्या रस्त्याला गुंठा काय भावानं गेला, बायपासला आतल्या बाजूला किती आणि रोडटच किती, त्याला तोंडपाठ. कांद्याचा आजचा बाजार त्याला माझ्याआधी कळतो. नवीन गाडीचं टॉप मॉडेल रस्त्यावर येईपर्यंत कितीला पडतं हे तो स्टेथोस्कोप कानात असतानासुद्धा सांगू शकतो. एक मुतखडा सोडला तर तालुक्यातल्या सगळ्या दगडांचा भाव त्याला माहीत आहे.

मी बरेच दिवस याला लबाडी समजत होतो. पण मंगळवार यायला चार दिवस होते, इंजेक्शनानं कळ थांबली होती आणि रिकाम्या माणसाला चौकश्या सुचतात. तेव्हा लक्षात आलं की निदान निम्मं अज्ञान अस्सल आहे. डॉक्टरला औषधाची किंमत कळणार कशी? त्यानं ते कधी विकत घेतलंय? त्याच्या घरातल्या डब्यात ज्या गोळ्या असतात त्या कंपन्यांचे प्रतिनिधी ठेवून जातात. पाकिटावर छापलेलंच असतं, डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही. त्याच्या पोरांचा ताप, बायकोची ॲसिडिटी, वडिलांचं ब्लडप्रेशर, सगळं नमुन्यांवर निघतं. कपाट उघडलं की औषध असतं, जसं आपल्याला नळ सोडला की पाणी असतं. (नळाचं पाणी शिरूरला रोज येतं का, हा वेगळा लेख आहे.)

ऑपरेशनचंही तेच. भारतीय वैद्यक परिषदेनं २००२ साली डॉक्टरांसाठी आचारसंहितेचे नियम केले. त्यात म्हटलंय की दुसऱ्या डॉक्टरवर आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांवर विनामूल्य उपचार करणं हे डॉक्टरनं आनंदाचं आणि सन्मानाचं मानावं. चांगली चाल आहे, मला तक्रार नाही. पण तिचा परिणाम असा की ज्या एका माणसानं बिल वाचलं असतं तर काही उपयोग झाला असता, नेमकं त्यालाच कुणी बिल देत नाही. त्याच नियमांत असंही आहे की डॉक्टरनं आपली फी आणि इतर आकार दवाखान्यात फलकावर स्पष्ट लावावेत. नियम एकाच पुस्तकातले. पहिला पाळला जातो.

शनिवारी न्हावऱ्याला एक लग्न होतं. मुतखडा घेऊनच गेलो, वधूपित्यानं वाईट वाटून घेऊ नये म्हणून. मांडवात एका टेबलाला पाच डॉक्टर बसले होते. ॲलोपॅथी, होमिओपॅथी, आयुर्वेद अशी सर्वधर्मसमभावाची पंगत. मी जिलेबी वाढायच्या निमित्तानं गेलो आणि परीक्षा घेतली. सलाईनचा सेट कितीला मिळतो? रोज लिहिता ती ॲसिडिटीची गोळी? डीजे स्टेंट? कॅन्सरचं एखादं इंजेक्शन? पाचांची पाच उत्तरं आली, आणि ती एकमेकांपासून शिरूर-दौंडएवढी लांब. सलाईनचा सेट दोघांनी भलताच महाग सांगितला. कॅन्सरचं इंजेक्शन सगळ्यांनी इतकं स्वस्त सांगितलं की कॅन्सर व्हायला हरकत नाही असं वाटावं. नंतर त्याच मांडवात आमच्या आळीतला मेडिकलवाला भेटला. त्याला तेच प्रश्न विचारले. तो भाताचा घास थांबवून म्हणाला, "कुठली किंमत सांगू? छापलेली, घ्यायची का द्यायची?"

घरी येऊन शोधलं तर आमच्या पंगतीचा निकाल जागतिक दर्जाचा निघाला. कॅनडातले जी. मायकेल ॲलन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात निरनिराळ्या देशांतल्या अशा २४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. औषधाच्या खऱ्या किमतीच्या वीस-पंचवीस टक्के अलीकडे-पलीकडे पोचलेले डॉक्टरांचे अंदाज किती? ३१ टक्के. आणि चुकायची दिशासुद्धा न्हावऱ्यासारखीच: स्वस्त औषध महाग वाटतं, महाग औषध स्वस्त. अमेरिकेतल्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात शिकवणाऱ्या रुग्णालयांतल्या ५०३ हाडांच्या डॉक्टरांना तुम्ही माणसात बसवता त्या वस्तू कितीच्या, असं विचारलं. वरिष्ठांची २१ टक्के उत्तरं बरोबरच्या जवळपास आली, शिकाऊंची १७ टक्के. म्हणजे पूर्ण शिक्षण आणि आयुष्यभराचा अनुभव मिळून चार टक्क्यांची प्रगती. आमच्या झेडपीच्या शाळेत याला 'प्रयत्न करतो' असा शेरा देतात.

मंगळवारच्या आदल्या दिवशी दौंडला मामांकडे जाऊन आलो. त्यांचा गुडघा नवा होता, माझा खडा जुना होता, एकमेकांची विचारपूस व्हायला हवीच होती. आमच्याकडून दौंडला जायचं म्हणजे न्हावऱ्यावरून भीमा ओलांडायची, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनवरून चौफुल्याला बाहेर पडायचं आणि मग पाटसवरून दौंड. वाटेतल्या एकेका खड्ड्याला माझा खडा उत्तर देत होता. चौफुल्याच्या अलीकडे तर वाटलं, ऑपरेशनचा खर्च बांधकाम खात्यानंच वाचवला.

दौंड हे किमतीच्या बाबतीत फार सुखी गाव आहे. निम्मं रेल्वेत, काही राज्य राखीव पोलीस दलात. ज्याच्या त्याच्या खिशात कुठलं ना कुठलं कार्ड. मामा रेल्वेतून निवृत्त.

"गुडघ्याला किती लागले मामा?"

"लागायचेत कशाला? कार्ड हाय ना."

"पण बाजारात किती असेल?"

"गुडघा काय बाजारात मिळतो व्हय रे?"

मिळतो. आणि त्याचा भाव सरकारनं बांधलाय. ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या गुडघ्याची छापील किंमत सरासरी १,५८,३२४ रुपये होती, त्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयात घालायच्या औषधी स्टेंटला २९,६०० ची. एका रात्रीत लाखाची वस्तू तीस हजारांत कशी परवडू लागली, हे कोडं पुढच्या वर्षी थोडं सुटलं. औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणानं फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दीडशाचा चोपन्नला? मग दोन्ही करून घ्यायला पायजे होते."

"पण तुम्हाला तर फुकट होता."

"फुकट असला म्हणून काय झालं? भाव उतरलाय ना!"

परतीच्या वाटेवर मला माझ्या लहानपणचे घोडनदीचे डॉक्टर आठवत राहिले. त्यांचा एक कंपाउंडर होता. तो लाल-गुलाबी औषध बाटलीत भरायचा आणि कागदाच्या पट्टीला खाचा पाडून बाटलीवर चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ते औषध डॉक्टर स्वतः पुण्याहून आणत, म्हणून त्यांना त्याचा भाव ठाऊक असे. पैसे नसले की लोक कांदे, ज्वारी, क्वचित कोंबडी देत. अर्थात त्यांनाही देव करायला नको. पेशंट आत आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. अनवाणी असेल तर दोन रुपये, चप्पल असेल तर तीन, बूट असतील तर पाच. माझे वडील त्यांच्याकडे जाताना दारात चपला काढून जायचे, आणि तो वडिलांचा नम्रपणा आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. आता बुटांकडे बघत नाहीत. मेडिक्लेमकडे बघतात.

आमच्याच तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी १९७० च्या दशकात जे केलं ते मात्र वेगळं होतं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्याचं काम दवाखान्याच्या भिंतीबाहेर, वाड्यावस्त्यांवर नेलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'बाहेर बोला' या शब्दांचा इतका चांगला अर्थ आमच्या तालुक्यात पुन्हा कुणी काढला नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला तेवढा दर तोंडपाठ असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे गेले. विचारलं की झटकन उत्तर येतं, "काही नाही." फक्त एखादी गोळी शिल्लक नसली की तिथंही तोच शब्द भेटतो: "बाहेरून आणा." शिवाय महात्मा फुले योजना आहे. तिच्यात प्रत्येक ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं, म्हणून आमच्याकडे आजाराचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न 'बरं होईल का' असा नसतो, 'योजनेत बसतंय का' असा असतो. त्याचंही बाहेरच विचारायचं, बाहेर आरोग्यमित्र बसलेला असतो.

मंगळवारी ऑपरेशन झालं. खडा निघाला, डबीत घालून मला दिला. एवढ्या त्रासाच्या मानानं फारच किरकोळ वस्तू. पडल्या पडल्या मी दरफलक शोधत होतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्यानं शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती केली. रुग्णहक्कांची सनद आणि पंधरा प्रकारच्या सेवांचे दर लोकांना दिसतील असे लावायचे. दिसतील असे, हे महत्त्वाचं. मला फलक सापडला तो नाकात गुदगुल्या झाल्यावर. काउंटरच्या डाव्या भिंतीला, प्लास्टिकच्या अरेका पामच्या मागे. 'खोलीभाडे' पर्यंत वाचता आलं, पुढं पानं होती.

बुधवारी डिस्चार्ज. बिल आलं ५२,४०० रुपये. त्याच वेळी मांडवगण फराट्याचे नाना केळी घेऊन भेटायला आले. नाना माझे चुलतभाऊ, वयानं मोठे, आयुष्य ऊस आणि कांद्यात गेलेलं. त्यांनी केळी ठेवली, चष्मा लावला आणि बिल हातात घेतलं. ते बिल वाचत नव्हते. पट्टी वाचत होते. कांदा विकल्यावर आडत्याकडून जी मिळते ती पट्टी.

"भाडं... म्हंजे खोलीभाडं. बरं. दोन रोज. हे नर्शिंग चार्ज म्हंजे हमाली."

"नाना, हमाली नव्हे—"

"उचलून ठिवलं का न्हाय तुला हिकडून तिकडं? मग हमालीच. आरएमओ चार्ज?"

"ते रात्री येऊन बघून जातात ते डॉक्टर."

"तोलाई. बघून आकडा लिवायचा, हात लावायचा न्हाय. हे बायोमेडिकल वेस्ट?"

"कचरा."

"बाजार समितीतबी झाडलोटीचे कापत्यात, पर इतके न्हाय." मग बोट खाली सरकलं. "डीजे. डीजेचं ह्ये इतकं? एकच हाय ना?"

"एकच."

"वाजला का?"

मी हसलो ते टाक्यांवर आलं असतं. बरं झालं, दुर्बिणीत टाके नसतात.

नाना गंभीर होते. "आपलं कसं हाय सांगू का," ते बिलावर बोट ठेवून म्हणाले. "ऊस घालताना भाव इचारायचा न्हाय. तोडणी झाली, मोळी बांधली, गाडी काट्यावर गेली, काटा त्यांचा. उतारा त्येंनीच काढायचा. पहिला हप्ता कवा, दुसरा कवा, त्येबी त्येंनीच सांगायचं. आता हितंबी तेच. घालून ये म्हनायचं आन् गप बसायचं."

नानांना ऊस कळतो. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली; त्यातून तोडणी-वाहतूक जाते. आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ पासून कायद्यात आहे. हे सगळं त्यांना तारखेनिशी पाठ, कारण त्यासाठी ते रस्त्यावर बसलेत. दवाखान्यासमोर मात्र त्यांना बसता आलेलं नाही. दवाखान्यात माणूस आडवा असतो, हीच अडचण.

डॉक्टर राउंडला आला तेव्हा नाना 'किरकोळ' या ओळीपाशी अडकले होते. बिलात शब्द 'मिसलेनियस' होता, आकडा ३,८०० चा.

"हे काय म्हनायचं डॉक्टर?"

डॉक्टरनं सवयीनं तोंड उघडलं. काय शब्द येणार ते मला माहीत होतं. पण नानांच्या हातातला कागद तोवर त्याच्या हातात आला होता आणि त्यानं तो खरोखरच वाचायला सुरुवात केली. वर नाव त्याच्याच दवाखान्याचं. मला वाटतं आपलं बिल त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. कपाळावर शाळेतली ती आठी आली, बर्फाच्या गोळ्याची. हमाली, तोलाई, झाडलोट करत तो खाली आला. 'किरकोळ'पाशी थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं. जमेना.

"थांब जरा," तो मला म्हणाला. अरे-तुरेवर परत आला होता.

कागद घेऊन तो तरातरा बाहेर गेला. दार अर्धवट उघडं राहिलं, त्यातून काउंटर दिसत होतं. मुलगी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसली होती.

"ह्या मुतखड्यात मिसलेनियस तीन हजार आठशे कशाचे लावलेत?" त्यानं विचारलं.

"ते सरांना विचारा," मान वर न करता ती म्हणाली.